केतकीताईच्या चौदा पिशव्या

माझ्या बहिणीने उभ्या आयुष्यात कशाचीही काटकसर केलेली नाही. शाळेत वेणीला दोन रिबिनी पुरत असतील तर ती चार बांधायची. भाजीला तेल घालायची ते कढईच्या काठापर्यंत तवंग येईतोवर. भांडणातसुद्धा चार शब्द राखून ठेवणं तिला कधी जमलं नाही. त्यामुळे गुरुवारी दुपारी तीन वाजून आठ मिनिटांनी माझ्यासमोरच्या पडद्यावर ‘बलून क्रमांक सात, केतकी गावंडे : या स्पर्धेतील सर्वांत काटकसरी वैमानिक’ अशी ओळ उमटली, तेव्हा मी आधी हसले. आणि मग ती ओळ पुन्हा वाचली.

ही २०३९ सालची गोष्ट. यवतमाळजवळच्या एका जुन्या धावपट्टीवरून गॅस बलूनची लांब पल्ल्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा निघते, तिचं ते सहावं वर्ष होतं. मी, शलाका गावंडे, आयोजकांच्या बाजूची. नियंत्रण कक्षात वाऱ्याचं टेबल माझ्याकडे आणि सुटण्याआधी मैदानावरची तपासणीही माझ्याकडे. गावात लोक मला ‘फुगेवाल्या मॅडम’ म्हणतात. मी ते मनावर घेत नाही.

फुगाच तो, पण जीव टांगणारा. वर हायड्रोजनने भरलेला गोळा, खाली वेताची टोपली, टोपलीत दोन माणसं आणि कडेने बाहेर टांगलेल्या रेतीच्या बत्तीस पिशव्या, प्रत्येकी पंधरा किलोच्या. इंजिन नाही, सुकाणू नाही. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेला वाहतो. हवा तो वारा गाठायला वर जायचं तर रेती ओतायची, खाली यायचं तर गॅस सोडायचा. दोन्ही एकदा गेलं की परत मिळत नाही. त्यात सूर्य मावळला की गॅस थंड होऊन आक्रसतो, बलून बसायला लागतो आणि त्याला तरंगत ठेवायला रात्रभर रेती टाकत राहावं लागतं. म्हणून आमच्याकडे ‘पिशव्या किती?’ हा एकच प्रश्न खरा. पिशव्या संपल्या की उड्डाण संपलं.

जो सर्वांत लांब जाईल तो जिंकतो. फेब्रुवारीत वरचा वारा पूर्वेला नेतो : छत्तीसगड, ओडिशा आणि मग समोर बंगालचा उपसागर. किनाऱ्यावर उतरलात तर साडेआठशे किलोमीटर. समुद्र ओलांडून म्यानमार गाठलंत तर जवळपास दुप्पट. मध्ये उतरायला जागा नाही.

चार वर्षांपूर्वीपर्यंत बलूनला समुद्रावर जाऊ द्यायचं की नाही, हा निर्णय नियंत्रण कक्षातली माणसं घेत असत. त्या वर्षी मी घेतला होता. केतकीताई किनाऱ्यावर पोचली असताना ढगांचे फोटो बघून मला धीर झाला नाही आणि मी तिला ‘उतरा’ असा आदेश दिला. तिच्या मागून आलेले दोन बलून दुसऱ्या अधिकाऱ्याच्या पाळीत समुद्रावर गेले आणि सुखरूप पोचले. पुढचे तीन दिवस आभाळ निरभ्र होतं. ताई परत आली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली, “तुले मी पुढं गेलेली पाहवत नाही.” त्या दिवसापासून आम्ही बोलत नाही. एका गावात राहतो, आईकडे आळीपाळीने जातो.

माझ्या त्या चुकीमुळेच स्पर्धेने ‘वायुवेध’ घेतलं.

वायुवेध म्हणजे बावीस उपग्रह आणि एक गणित. उपग्रहावरून लेझरचा झोत खाली सोडतात. हवेतल्या धुळीच्या कणांना लागून तो परततो. कण वाऱ्याबरोबर पळत असेल तर परतलेल्या प्रकाशाचा रंग किंचित सरकलेला असतो, मोटार जवळ येताना भोंग्याचा सूर चढतो तसा. त्या सरकण्यावरून दर पन्नास मीटर उंचीवरचा वारा मोजता येतो आणि पुढचे तीन दिवस तो कसा वाहील हे सांगता येतं. पण बलूनचा मार्ग वाऱ्याइतकाच चालवणाऱ्याच्या हातावरही ठरतो. म्हणून वायुवेध माणसंही शिकतं. कोण घाबरून लवकर रेती ओततं, कोण हात आखडता घेतं, पहाटे कोणाचा डोळा लागतो. पहिल्या दोन रात्रींवरून ते तिसरी रात्र सांगतं.

वैमानिकांना ते दाखवायचं नाही, नाहीतर स्पर्धा कसली, एसटीचा प्रवास झाला. किनारा आला की वैमानिक आपल्या पिशव्या कळवतो, यंत्र हिशेब करतं आणि नियंत्रण कक्ष दोनपैकी एकच शब्द उच्चारतो : ‘जा’ किंवा ‘उतरा’. नियम एकोणीस. यापेक्षा एक अक्षर जास्त सांगितलं तर तो संघ बाद आणि सांगणाराही बाद. तीन वर्षांत त्रेचाळीस वेळा यंत्राने ‘जा’ म्हटलं आणि त्रेचाळीस बलून पलीकडे पोचले. वैमानिकांनी समुद्राला भ्यायचं सोडून दिलं. मीसुद्धा.

तर त्या गुरुवारी यंत्राचा हिशेब असा होता. क्रमांक सातला दोन रात्रींत एकवीस पिशव्या लागायला हव्या होत्या, लागल्या अठरा. उरल्या चौदा. अशाच हाताने चालवलं तर समुद्रावरच्या रात्रीला तेरा पुरतील आणि एक पिशवी शिल्लक ठेवून बलून शुक्रवारी सकाळी म्यानमारच्या जमिनीवर उतरेल. उत्तर : जा.

“तुमच्या भगिनी मोठ्या संयमी निघाल्या,” मागून केलर म्हणाले. उर्स केलर आमचे स्पर्धा-संचालक. स्वित्झर्लंडचे, सरळ माणूस. वर्षातून दोन महिने यवतमाळात काढतात आणि पोहे आवडीने खातात.

“माझी ताई आणि संयम?” मी म्हटलं. “साहेब, ही तीन पिशव्यांची बचत तिची नाही.”

“मग कोणाची?”

ते मला ठाऊक नव्हतं. मी रेतीच्या शेडमध्ये भाऊराव ठवकरांना फोन लावला. स्पर्धेच्या पहिल्या वर्षापासून रेती त्यांच्याकडे. नदीची रेती चाळायची, पत्र्यावर आठ दिवस वाळवायची, मांजरपाटाच्या पिशव्यांत तोलून भरायची. ओली रेती चालत नाही, कारण तिच्यातलं पाणी वरच्या कोरड्या उन्हात उडून जातं आणि पिशवी न उघडताच हलकी होते. म्हणून भरलेल्या प्रत्येक पिशवीत तपासणी अधिकाऱ्याने स्वतः कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर रेती तळातून काढायची, आवळायची, सोडायची. बोटांतून सांडली तर कोरडी. लाडू राहिला तर ओली. मग सही.

“भाऊराव, सात नंबरची रेती कशी होती?”



“मॅडम, मंगळवारी तुमाले सांगतलं होतं ना मी,” ते म्हणाले. “गॅस भराच्या आंधी टँकरनं पाणी मारते ना आपण? सात नंबरपाशी पाइप फाटला. ताडपत्रीवरच्या ढिगात पाणी गेलं. वरून वाळल्यासारखी दिसे, आतून नाही. पिशव्या त्याच रेतीच्या भरल्या. मी म्हटलं, मॅडम, हात घालून पाहा. तुम्ही म्हटलं, वजन बरोबर आहे ना, मंग जाऊ द्या.”

हायड्रोजनला ठिणगीचं वावडं. कोरड्या मातीवर कपड्यांच्या घासण्यानेही ठिणगी पडते, म्हणून भरण्याआधी जमिनीवर पाणी मारतात. ते मला माहीत होतं. पाइप फाटल्याचंही भाऊरावांनी सांगितलं होतं, आता आठवलं. मी मंगळवारी अकरा बलूनच्या प्रत्येक पिशवीत हात घातला होता. साडेतीनशेहून जास्त पिशव्या, कोपर सोलून निघालं होतं. फक्त क्रमांक सातपाशी मी गेले नाही. तिथे ताई उभी होती. तिच्या शेजारी वाकून बत्तीस वेळा हात घालायचा आणि एक शब्द न बोलता परत यायचं, हे मला झेपलं नसतं. म्हणून मी पन्नास पावलांवरच्या टेबलावर कागद मागवला आणि उंटावरून शेळ्या हाकल्या.

“आतून किती ओली होती? अंदाज?”

“मी मुकादम आहो, मॅडम, यंत्र नाही. पण लाडू झाला असता.”

तीन वाजून सतरा मिनिटं झाली होती. बलून तीन हजार एकशे मीटरवर होता, किनाऱ्यापासून तीस किलोमीटर आत. शेवटचे बारा किलोमीटर खाडी आणि दलदल, तिथे उतरता येत नाही. म्हणजे ताईने उतरायचं ठरवलं तर तीन चाळीसच्या आत गॅस सोडायला हवा होता.

मी कागदावर आकडे मांडले. रेतीत दहा टक्के पाणी असेल आणि ते दोन दिवसांत उडालं असेल तर बलून आपोआप चाळीस किलोने हलका झाला. या त्या तीन पिशव्या. यंत्राने त्या ताईच्या हाताच्या गुणात जमा केल्या आणि पुढच्या रात्रीचा खर्चही तेवढाच कमी धरला. पण आता रेती वाळून खडखडीत झाली होती. तिसऱ्या रात्री फुकट काही मिळणार नव्हतं. तेरा नाही, पंधरा पिशव्या लागणार होत्या. आणि उरलेल्या चौदा पिशव्या मुळी पंधरा किलोच्या राहिल्याच नव्हत्या. यंत्र फक्त पिशव्या मोजत होतं.

बलून पहाटे चारच्या सुमाराला पाण्यात उतरणार होता, किनारा नव्वद किलोमीटर पुढे असताना.

मी केलर साहेबांपुढे कागद ठेवला आणि सगळं सांगितलं. खोट्या सहीचंही. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज तसाच राहिला.

“दहा टक्के हा तुमचा अंदाज.”

“हो.”

“दोन टक्के असतील तर?”

“तर ती कशीबशी पोचेल.”

“शलाकाबाई, चार वर्षांपूर्वी तुम्ही अंदाजावर याच बाईंना उतरवलंत. त्यानंतर मी मंडळाला वचन दिलं, की या खोलीतून अंदाजाने आदेश जाणार नाही. तुमच्याकडे आकडा आहे का?”

“टोपलीत ताणकाटा असतो, उतरल्यावर उरलेली रेती मोजायला. एक पिशवी काट्याला लावली तर दोन मिनिटांत कळेल.”

“आणि का लावायची, हे सांगितलं की नियम एकोणीस मोडला. संघ बाद.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “आकडा नाही, तर माझ्याकडे आदेशही नाही. मी यंत्राचं उत्तर पाठवणार.”

ते चुकीचं बोलत नव्हते, हीच तर पंचाईत होती. मी गप्प बसले तर माझी खोटी सही कोणाला कळणारही नव्हती. आणि बोलले, आणि रेतीत दोनच टक्के पाणी निघालं, तर मी दुसऱ्यांदा माझ्या बहिणीचा समुद्र हिरावून घेणार होते. ती सत्तेचाळीस वर्षांची. मोठ्या उड्डाणाच्या परवान्याची मुदत याच वर्षी संपत होती.

मला तेव्हा फक्त पाणी दिसत होतं. तीन अठ्ठावीसला मी माइक ओढला.

“सात नंबर, नियंत्रण कक्ष.”

“सात नंबर,” ताईचा आवाज आला, वाऱ्याशिवायचा, स्वच्छ. बलून वाऱ्याबरोबरच चालतो, म्हणून टोपलीत कधी वारा लागत नाही. “चौदा पिशव्या. बोला, जा का उतरा?”

“ताई, मी शलू.”

उत्तराची वाट न बघता मी पुढे बोलले.

“ताई, एक पिशवी काट्याला लाव.”

“मले एक शब्द पाह्यजे फक्त,” ती म्हणाली. “चार वर्षं तोंडातून शब्द नाही काढला अन् आता बोलून राह्यली? किनारा दिसून राह्यला मले. मागच्या वेळीही असाच दिसे.”

“मागच्या वेळी मी चुकले होते. आता त्याहून मोठी चूक केली मी. तुझ्या पिशव्यांत हातच नाही घातला. टेबलावरून सही केली. रेती ओली होती, आता वाळली. तुझ्या पिशव्या पंधरा किलोच्या राह्यल्या नाहीत.”

केलर साहेब उठून उभे राहिले होते. त्यांनी माइक बंद केला नाही. ते का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

“काऊन नाही घातला?” ताईने विचारलं.

“तुझ्याजवळ यायचं नव्हतं मले.”

 पडद्यावरचे आकडे पळत होते. समुद्र सव्वीस किलोमीटर.

“हे सांगून तू मले बाद केलं, माहीत आहे ना तुले?” तिचा आवाज चिरला. “मी उतरली काय अन् गेली काय. बोलायच्या आंधीच हरवलं तू मले.”

“हो.”

“मंग जाते मी. बाद तर बाद. ओलांडून दाखवते.”

“ताई, ऐक. यंत्राने तुले ‘जा’ का म्हटलं, माहीत आहे? ते म्हणते, या साऱ्या स्पर्धेत तुझ्यासारखं काटकसरी कोणी नाही. त्याच हिशेबावर रात्र मोजली आहे त्यानं.”

“कोण?” ती म्हणाली. “मी?”

“तू.”

 मग लांबून तिचा सहवैमानिक नसीर काहीतरी बोलला. नसीर शेख जन्माचा अबोल, पण हात चलाख. त्याने तिच्या परवानगीची वाट पाहिलीच नव्हती.

“ताई, तेरा किलो चारशे,” तो म्हणत होता.

“दुसरी लाव.”

तीन बत्तीस.

“तेरा तीनशे.”

“त्या कोपऱ्यातली लाव. ती सावलीत होती.”

“तेरा सहाशे, ताई.”

खरखर होऊन आवाज तुटला. तिने माइक बंद केला असावा. मी उंचीच्या आकड्याकडे बघत बसले. तीन हजार एकशे चाळीस. तीन हजार एकशे चाळीस. तीन पस्तीस झाले. ताई हट्टाला पेटली की आईचंही ऐकत नाही, हे मला कोणी सांगायला नको होतं. आणि एवढं झाल्यावर तिने माझं का ऐकावं, याचं एकही कारण मला सुचेना. तीन हजार एकशे चाळीस. मी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. केलर साहेब जर्मनमध्ये स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते.

तीन अडतीसला आकडा हलला. तीन हजार एकशे वीस. मग तीन हजार साठ. मग दोन हजार नऊशे. तिने गॅस सोडला होता.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. खोलीत सगळे होते, मला काही वाटलं नाही.

चार वाजून सव्वीस मिनिटांनी क्रमांक सात कापणी झालेल्या एका भातखाचरात उतरला. खाडीपासून दोन किलोमीटर अलीकडे. अंतर आठशे अठ्ठेचाळीस किलोमीटर, संघ बाद. केलर साहेबांनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र मागून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “त्या टेबलावर मी असतो तर मी बोललो असतो की नाही, मला माहीत नाही.” पाच वर्षं मला स्पर्धेच्या मैदानावर बंदी झाली. सही माझीच होती, शिक्षा योग्यच होती.

शनिवारी वायुवेधला खरी वजनं देऊन तो हिशेब पुन्हा करायला लावला. ताईच्या नावापुढची काटकसर काढून टाकली, तेव्हा यंत्राने तिला काटकसरीच्या यादीत शेवटून दुसरा क्रमांक दिला. बलून पहाटे तीन पन्नासला पाण्यात. किनारा शहाऐंशी किलोमीटर. मी मांडलेल्या आकड्यात आणि त्यात चार किलोमीटरचा फरक होता. मला त्याचा आनंद झाला नाही. तो कागद मी घडी करून पर्समध्ये ठेवला. ताईला दाखवायचा की नाही, ते ठरेना.

रविवारी सकाळी बलून घेऊन ट्रक परत आला. मला मैदानात जायला मनाई, म्हणून मी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसले होते. ट्रक फाटकाशी थांबला आणि पुढून ताई उतरली. उन्हाने चेहरा काळवंडलेला, ओठ फुटलेले. ती माझ्याकडे आली नाही. तिने मागची फळी पाडली आणि नसीरला सांगून एक-एक करून चौदा पिशव्या रस्त्याच्या कडेला, माझ्या बाकापुढे मांडल्या. भाऊराव फाटकाच्या आतून बघत होते.

मी पर्समधला कागद काढून तिच्यापुढे धरला. तिने तो वाचला. दोनदा वाचला. मग घडी घालून स्वतःच्या खिशात टाकला.

“शहाऐंशी किलोमीटर,” ती नसीरला म्हणाली. “अन् पोहता ना तुले येते, ना मले.” 

मग ती माझ्यासमोर उकिडवी बसली, पहिल्या पिशवीची नाडी सोडली आणि दोन्ही हातांनी तोंड उघडं धरलं.

“घाल हात.”

“ताई, आता त्याचा काही उपयोग नाही. मले तर...”

“मी तथीच उभी होती मंगळवारी,” ती म्हणाली. “तू येशील म्हणून उभी होती. टेबलावर बसून सही करून राह्यली, ते पाह्यलं मी. बोलावलं असतं तर आली असती तू. पण मीही नाही बोलावलं. घाल हात.”

मी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला. रेती उन्हाने तापली होती. तळातून मूठ भरून काढली, आवळली, सोडली. ती बोटांतून सांडून गेली, दाणा चिकटला नाही. ताईने नाडी बांधली आणि दुसरी पिशवी उघडली. मग तिसरी. टपरीवरची माणसं चहा हातात धरून बघत होती. सहाव्या पिशवीला सोललेल्या कोपरामुळे माझा हात अडला, तेव्हा तिने माझं मनगट धरून आत नेलं. आमचे दोन्ही हात रेतीत होते.

चौदा झाल्यावर तिने भाऊरावांकडून तपासणीचा कोरा कागद मागवला. बाद झालेल्या संघाचा, बंदी घातलेल्या अधिकाऱ्याने भरायचा. ‘बलून क्रमांक सात. पिशव्या चौदा. रेती : कोरडी.’

“आता कर सही,” ताई म्हणाली.

मी केली. तिने कागद हातात घेऊन फुंकर मारली, शाई वाळेपर्यंत. मग टपरीवाल्याला म्हणाली, “दोन चहा दे. अन् साखर घाल भरपूर, हात आखडू नको.”